स्टेअरिंग फिरवताना कट-कट वाजतंय? आधी जागा शोधा, मग पार्ट बदला

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांच्या गाडीचं खालचं काम लवकरच निघतं, मेट्रोचं काम, सर्व्हिस रोडचे खड्डे, वर गायमुखचा घाट. माझ्या गाडीला पावसाळा संपता संपता स्टेअरिंगमधून कट-कट आवाज सुरू झाला, पार्किंगमधून बाहेर काढताना तर हमखास, आणि हाताला पण बारीक झटका लागायचा. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारा खालचा आडवा दांडा, बदलायला सांगितला. निघालं काय, तर पेडलच्या वर जो जॉईंट असतो त्याचा बोल्ट ढिला होता. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगतो, आवाज नक्की कुठून येतो ते कळल्याशिवाय एक रुपया पण खर्च करू नका.

पहिली टेस्ट गाडी उभी असताना. हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा आणि स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवा, अगदी चार बोटं इकडे चार बोटं तिकडे. एवढ्यावर कट वाजलं तर कॉलम (स्टेअरिंगपासून खाली जाणारा दांडा), जॉईंट किंवा रॅक. पूर्ण फिरवताना एक चक्कर झाली की एकदाच, दरवेळी त्याच जागी टक होत असेल तर इंडिकेटर आपोआप बंद करणारा खटका असू शकतो, किंवा कॉलमचं प्लॅस्टिक कव्हर घासत असेल, कव्हरचे स्क्रू आधी बघा. आणि हो, किल्ल्यांचा जुडगा काढून बघा, तो पण वाजतो.

गाडी चालताना, स्टेअरिंग पूर्ण कापून हळू गोल फिरवल्यावर कट-कट-कट येतं आणि स्पीडबरोबर वाढतं, तर तो कॉलमचा आवाज नाहीच, पुढच्या चाकाचा एक्सल आहे. चाकाच्या आतल्या बाजूला रबराचा बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. जागेवर फिरवताना पुढून "टंग" असा मोठा आवाज आला आणि स्प्रिंग उडी मारल्यासारखी हलली तर शॉकअपचं वरचं माउंटिंग गेलंय. बघताना दोन वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालू नका.

आता कॉलम. ह्याला दुसरा माणूस लागतो. तो सीटवर बसून स्टेअरिंग थोडं थोडं हलवेल, तुम्ही ड्रायव्हरच्या दारातून खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारा. कॉलमच्या खालच्या टोकापासून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे, जाणारा छोटा शाफ्ट दिसेल, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉईंट असतात. प्रत्येक जॉईंटवर हलका हात ठेवा, पकडायचं नाही, फक्त टेकवायचा. ज्याचा दोष आहे तो हाताला स्पष्ट टिचकी मारतो, कानापेक्षा हात जास्त खरं सांगतो कारण डॅशबोर्डखाली आवाज भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. जॉईंटची वरची बाजू फिरली आणि खालची जरा उशिरा फिरली, तर प्ले आहे, म्हणजे सांधा झिजून ढिला झालाय.

बोल्ट ढिला असेल तर तो कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (म्हणजे दिलाय तेवढ्याच जोराने) आवळा, अंदाजाने नाही, आणि शाफ्टवरच्या खाचेत बरोबर बसलाय ना ते बघा. आटे गेले असतील तर नवा बोल्ट, तोही त्याच गाडीचा. क्रॉसमध्ये प्ले असेल तर मात्र शाफ्टच बदलायचा. वरून स्प्रे मारून दोन दिवस आवाज जाईल पण झीज भरून येत नाही, आणि हा पार्ट सुटला तर स्टेअरिंग नुसतं फिरत राहील आणि चाकं वळणार नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने पार्ट स्वस्त मिळतात, बाकी कशासाठीही जा, स्टेअरिंगचा शाफ्ट आणि एअरबॅगचं सामान तिथून आणू नका.

शाफ्ट काढण्याआधी चाकं सरळ करा, स्टेअरिंग सीटबेल्टने बांधून टाका आणि शाफ्ट-जॉईंटवर रंगाची रेघ मारा. बांधणं महत्त्वाचं, कारण शाफ्ट सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं गरागरा फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग तुटते, म्हणजे एअरबॅग आणि हॉर्नला करंट नेणारी गुंडाळलेली पट्टी. नवीन शाफ्ट त्याच खुणेवर बसवा नाहीतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहील.

क्लॉक स्प्रिंगचंच दुखणं असेल तर कट-कटपेक्षा खसखस जास्त येते, जोडीला हॉर्न मधेच बंद, स्टेअरिंगवरची बटणं मेलेली, नाहीतर एअरबॅगचा दिवा. हा दिवा लागला असेल तर अपघातात बॅग उघडेलच याची खात्री नाही, त्यामुळे लगेच दाखवा. हे काम घरी करू नका असंच मी सांगेन. तरीही कोणी करणारच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून किमान 10 मिनिटं थांबा, काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवा, तिच्या वायरला मल्टिमीटर लावायचा नाही.

काही इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाड्यांत मोटर कॉलमवरच असते आणि मोटर-गियरमधलं रबराचं कपलिंग झिजून भुगा होतं. तेव्हा स्टेअरिंग जरासं हलवलं तरी कट वाजतं, पण वरचे जॉईंट हाताला एकदम घट्ट लागतात. कपलिंग छोटंसं असतं, पण कॉलम खाली उतरवावा लागतो, म्हणून ते चांगल्या गॅरेजमध्येच करा आणि फक्त कपलिंग बदलून होईल का ते आधी विचारा, नाहीतर अख्ख्या कॉलमचं बिल येतं.

काम झालं की सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून बघा, स्टेअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ येतंय ना, कुठे अडकत नाही ना. बोल्ट आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून जॉईंटपर्यंत पांढऱ्या मार्करची रेघ मारून ठेवा, आठवड्याने परत टॉर्च मारून बघा, रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सरकतोय, गाडी तिथेच थांबवा.