जुनाट दुखण्यासाठी योग्य डॉक्टर कसा शोधायचा

"सगळ्यात मोठा डॉक्टर कोण ते बघ आणि त्याच्याकडे जा" हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता ऐकला तरी राग येतो. माझी कंबर आणि डावा पाय नऊ वर्षं दुखतोय, त्यात मी सहा डॉक्टर केले, मग आईच्या गुडघ्यांसाठी शोधाशोध झाली, मग एका मैत्रिणीसाठी, आणि तेवढ्या अनुभवावर सांगते, नाव मोठं असलं म्हणजे जुनं दुखणं सांभाळता येतंच असं नाही. बऱ्याच मोठ्या नावांचा हात ऑपरेशनवर बसलेला असतो, आणि तुमचं दुखणं ऑपरेशनचं नसेल तर दहा मिनिटांत तुम्ही बाहेर.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा परत परत येणारं दुखणं जुनाट धरतात, त्याच्याबद्दलच बोलतेय. पण दुखण्याबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधे बधिर वाटायला लागलं, पायातली ताकद अचानक कमी झाली, तर डॉक्टर शोधत बसू नका, लगेच इमर्जन्सीत जा. ताप येतोय किंवा कारण नसताना वजन उतरतंय तरी लांबवू नका.

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासूनच करा आणि कुठल्या स्पेशालिस्टकडे जायचं ते त्यांच्याकडून घ्या. ढोबळ सांगायचं तर सकाळी उठल्यावर सांधे अर्धा-पाऊण तास आखडलेले आणि हालचाल केली की मोकळे होतात, असं असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर. जळजळ, मुंग्या, करंट बसल्यासारखं असेल तर न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर. सगळ्या तपासण्या झाल्या आणि तरी दुखणं आहेच, तर पेन क्लिनिक, म्हणजे खास वेदनेवर उपचार करणारा दवाखाना. तिथले डॉक्टर बरेचदा मूळचे भूलतज्ज्ञ असतात, त्याने बिचकू नका, वेदनेवरचा उपचार ही वेगळी शाखा म्हणून उभी करणारे जॉन बोनिका स्वतः भूलतज्ज्ञच होते.

फाईल तारखेनुसार लावा, आतापर्यंतच्या गोळ्यांची यादी वरती ठेवा, झालं.

आता खरी अवघड पायरी, पहिली भेट. इथे तुम्ही डॉक्टरला तपासायचंय आणि मी इथेच सगळ्यात मोठी चूक केली. तिसऱ्या का चौथ्या डॉक्टर होत्या, त्यांनी एमआरआय बाजूला ठेवला आणि विचारायला लागल्या, झोप कशी लागते, घरी कोण कोण आहे, दुखायला लागलं की भीती वाटते का, कुठली कामं सोडून दिलीत. मला वाटलं या मला वेडी ठरवतायत. वरून अ‍ॅमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी लिहून दिली, घरी कोणीतरी म्हणालं ही तर डिप्रेशनची गोळी, झालं, मी एकही गोळी न घेता ते प्रिस्क्रिप्शन फेकून दिलं आणि परत गेले नाही. दोन वर्षं वाया घालवली. शेवटी त्यांच्याकडेच परत गेले तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की ती गोळी कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यावर देतात, आणि दुखणं जुनं झालं की मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होतात की साधा ताण, साधं वाकणंसुद्धा दुखणं म्हणून पोचतं, म्हणून झोप आणि काळजी विचारावीच लागते. दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नसतात. तेव्हा जो डॉक्टर झोपेबद्दल विचारतो त्याच्यावर रागावून निघून येऊ नका, माझ्या मते तोच कामाचा. निघून यायचं ते "काही नाहीये तुम्हाला, लक्ष देऊ नका" म्हणणाऱ्याकडून.

दुसरी खूण म्हणजे एमआरआय कसा वाचतो. नुसता रिपोर्ट बघून, तुम्हाला हात न लावता, "गादी (मणक्यांमधली डिस्क) सरकलीय, इथेच लोचा आहे" म्हणाला तर थांबा. २०१५ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के. म्हणजे स्कॅनमध्ये काहीतरी दिसणारच, ते तुमच्या दुखण्याशी जुळतं का हे चालायला लावून, पाय उचलून, कुठे बधिर आहे ते तपासूनच कळतं.

तिसरं, तुम्ही काय सांगता. मी नऊ वर्षांची कहाणी पहिल्यापासून सांगायचे आणि वेळ संपायची. आता आईला घेऊन जाते तेव्हा तीनच गोष्टी सांगते: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं ते शून्य ते दहात, दुखण्यामुळे कशातलं मन उडालं, आणि कुठलं काम अडलं. "खूप दुखतं" यावर डॉक्टर काय करणार, "दहा मिनिटं उभं राहून पोळ्या होत नाहीत" यावर करता येतं.

आणि उठायच्या आधी एक प्रश्न विचाराच, "यातून किती फरक पडेल, किती दिवसांत, आणि नाही पडला तर पुढे काय?" इथे चांगला डॉक्टर आकडे कमी सांगतो, दुखणं पूर्ण जाईल असं बोलत नाही, थोडं कमी होऊन कामं सुरू होतील म्हणतो, आणि फिजिओ, व्यायाम, झोप यांचं नाव त्याच्या तोंडून येतंच. पहिल्याच भेटीत शंभर टक्के गॅरंटी किंवा इंजेक्शनचं पॅकेज पुढे केलं तर मी पैसे भरत नाही, घरी येऊन दुसरं मत घेते. इंजेक्शनं वाईट नसतात, ठराविक दुखण्यात उपयोगी पडतात, पण कशासाठी आणि किती महिने टिकेल हे सांगता आलं पाहिजे.

दोन-तीन भेटी द्या. गोळी चालतेय का हे कळायलाच काही आठवडे जातात.

नाहीच जमलं तर बदला, संकोच नको. मात्र प्रीगाबालिन, गाबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी चालू असेल तर रागाच्या भरात एकदम बंद करायची नाही, ती डॉक्टरच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करतात. जुन्या डॉक्टरकडून डोसचा कागद मागून घ्या आणि नवीन डॉक्टरच्या हातात सगळ्यात आधी तोच द्या.