बांधावरचे जिवंत कुंपण: लागवड आणि निगा

जिवंत कुंपणाची खरी परीक्षा जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीत होते. वरून ते कितीही भरगच्च दिसले, तरी बुडाशी फट राहिली की शेळी नेमकी तिथूनच आत शिरते. म्हणून पहिली दोन वर्षे सगळी मेहनत बूड दाट करण्यावर घ्यावी. उंचीची काळजी करू नये.

सुरुवात मोजणीने करावी. हद्द निश्चित नसताना लावलेली झुडपे पुढे वादाचे कारण ठरतात, आणि तोवर त्यांची मुळे खोल गेलेली असतात. शेजाऱ्याची लेखी संमती असेल, तर ओळ बांधाच्या मधोमध न्यावी. नसेल, तर स्वतःच्या हद्दीत एक मीटरभर आत यावे, म्हणजे छाटणीसाठी दोन्ही बाजूंनी फिरता येते.

गुरे रोखण्यासाठी करवंदासारखे झुडूप क्वचितच मिळेल, कारण त्याला कठीण जोडकाटे असतात, ते बारमाही हिरवे राहते आणि एकदा रुजले की हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरते. सागरगोटा त्याहून अभेद्य असला, तरी तो चढत आणि पसरत जातो, त्यामुळे नियमित छाटणी जमणार असेल तरच तो लावावा. गिरीपुष्पाला काटे नसतात. मात्र त्याच्या फांद्या सहज रुजतात आणि पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो. शेर या झुडपाचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, तेव्हा मुलांचा वावर असलेल्या बाजूस तो टाळावा. घाणेरी आणि वेडी बाभूळ कुंपणापुरत्या राहत नाहीत. त्या लावूच नयेत. शक्यतो तीन-चार जाती मिसळाव्यात, म्हणजे एखादी कीड आली तरी सगळी ओळ एकदम उघडी पडत नाही.

करवंदाचे बी साठवल्यास त्याची उगवणशक्ती लवकर घटते, म्हणून पिकलेल्या फळांतील गर धुऊन ते लगेच पिशव्यांत पेरावे. पुढच्या पावसाळ्यात, पहिला चांगला पाऊस मुरल्यावर, चर खोदून आणि शेणखत मिसळून दोन ओळींत रोपे लावावीत. दोन ओळींत व दोन रोपांत साधारण अर्धा मीटर अंतर ठेवावे आणि एका ओळीतील रोप दुसरीतील दोन रोपांच्या मधोमध येऊ द्यावे.

कोवळ्या रोपांना संरक्षण म्हणून बोरी-बाभळीच्या काट्यांची वई, म्हणजे वाळलेल्या काटेरी फांद्यांचे कुंपण, घालावी. ती टिकाऊ नसते. १९ व्या शतकात ब्रिटिशांनी मिठाच्या करवसुलीसाठी उभारलेल्या सीमेवर आधी अशीच वाळकी वई होती, पण तिला वाळवी लागे आणि ती वाऱ्याने उडून जाई. त्यामुळे त्या सीमेचे ब्रिटिश आयुक्त अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी तिच्या जागी जिवंत कुंपण वाढवण्यावर भर दिला, आणि त्यात बाभूळ, बोर व निवडुंगासोबत करवंदही होते.

रोपांनी मूळ धरले की शेंडा जमिनीपासून वीतभर उंचीवर खुडावा. वाढलेले रोप कापायला हात धजत नाही, हे खरे. पण न कापलेले रोप काठीसारखे सरळ वर जाते, तर कापलेल्याला बुडापासून फुटवे येतात. नवे फुटवे वीतभर वाढले की पुन्हा निम्म्यावर आणावेत. पुढेही आकार खाली रुंद आणि वर अरुंद ठेवावा, कारण वरचा भाग पसरला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बूड उघडे पडते. करवंदाला फुले फांद्यांच्या टोकांना येत असल्याने एका वर्षी एकच बाजू छाटावी, म्हणजे दुसऱ्या बाजूला मधमाश्यांसाठी फुले आणि पाखरांसाठी फळे राहतात. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात कोयता लावू नये.

कुंपणातून थोडा वारा जाऊ द्यावा. भिंतीसारख्या घट्ट अडथळ्यामागे वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि पीक लोळवतो. मुळे पिकाच्या वाट्याचे पाणी घेऊ लागली, तर कुंपण आणि पीक यांच्यामध्ये हात-दीड हात खोल चर काढून पसरलेली मुळे तोडावीत.

नांग्या, म्हणजे रोपे मरून पडलेल्या रिकाम्या जागा, दरवर्षी पावसाच्या आरंभी भराव्यात. जुन्या ओळीतील सावलीत नवे रोप सहसा खुरटते. त्यापेक्षा शेजारच्या झुडपाची खालची लवचीक फांदी वाकवावी, तिची साल थोडी खरवडून तो भाग मातीत दाबावा, वर दगड ठेवावा आणि शेंडा मात्र बाहेर उभा ठेवावा. ती फांदी नीट मुळे धरेपर्यंत मूळ झुडपापासून तोडू नये.