पिंगच्या आकड्यांतून रांगेतला विलंब कसा काढायचा

पिंग म्हणजे सर्व्हरला माहितीचे छोटे पॅकेट पाठवून उत्तर परत यायला लागलेला वेळ मोजणे. पिंगचा आकडा ही बेरीज असते. तारेतून जाण्याचा वेळ, पॅकेट लिंकवर चढवण्याचा वेळ आणि राउटरच्या कामाचा वेळ मार्ग बदलेपर्यंत जवळपास स्थिर राहतात. खालीवर होतो तो मुख्यतः राउटरच्या बफरमधल्या (पॅकेट तात्पुरती साठवण्याच्या जागेतल्या) रांगेत थांबण्याचा वेळ, आणि आपल्याला तोच हवा आहे.

लॅपटॉप वायफायवर नको, केबलने राउटरला जोडा. वायफायचे पुनर्प्रेषण (हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणे) रांगेसारखेच दिसते. लिंक रिकामी असताना दर २०० मिलिसेकंदांनी एक याप्रमाणे दहा मिनिटे पिंग पाठवा, म्हणजे ३,००० नमुने मिळतील. यातला सर्वांत लहान आकडा हा पाया. सरासरी घेऊ नका, तिच्यात रांग आधीच मिसळलेली असते. पाया पटण्याजोगा आहे का हेही पाहा: फायबरमध्ये दर किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १५० किलोमीटरच्या मार्गाला जाऊन-येऊन १.५ मिलिसेकंद. पाया याहून कमी आला तर उत्तर जवळच्याच सर्व्हरने दिले आहे.

आता आयपर्फ३ने (लिंक भरून वेग मोजणारे साधन) एक मिनिट अपलोड चालवा आणि पिंग चालूच ठेवा. प्रत्येक नमुन्यातून पाया वजा करा; मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) आणि ९५वा शतमक (ज्याच्या खाली ९५ टक्के नमुने येतात तो आकडा) नोंदवा. डाउनलोडसाठी उलट दिशेची चाचणी वेगळी घ्या, नाहीतर विलंब कुठल्या बाजूचा हे कळणार नाही.

समजा १० एमबीपीएसच्या अपलोडवर २०० मिलिसेकंदांची वाढ दिसली. वेळ गुणिले वेग, म्हणजे २० लाख बिट, २५० किलोबाइट: १,५०० बाइटांची सुमारे १६६ पॅकेट रांगेत उभी आहेत. बफर फार मोठा आहे. राउटरवर एफक्यू-कोडेल किंवा केक (रांग लहान ठेवणाऱ्या पद्धती) चालू करून वेगमर्यादा लिंकच्या थोडी खाली ठेवा. मर्यादा लावली नाही तर रांग पुढे मोडेममध्ये साचते आणि राउटरला तिची गंधवार्ताही नसते. एफक्यू-कोडेल चालू झाल्यावर मात्र पिंगला स्वतःची वेगळी रांग मिळते, त्यामुळे अपलोडच्या पॅकेटांचा विलंब पिंगमध्ये उमटत नाही. तो पाहायला लिनक्सच्या 'एसएस' कमांडमधला टीसीपीचा आरटीटी (पॅकेट जाऊन त्याची पोच परत येण्याचा वेळ) आणि किमान आरटीटी वापरा.

मोजण्याआधी रांगेतल्या सरासरी वेळेचा अंदाज हवा असेल तर एम-एम-१ हे रांगांच्या गणितातले सूत्र: वापराचे प्रमाण भागिले (१ वजा वापर), गुणिले एका पॅकेटचा वेळ. १० एमबीपीएसवर १,५०० बाइटांना १.२ मिलिसेकंद लागतात. ५० टक्के वापराला रांगेत थांबण्याचा वेळ १.२, ८० टक्क्यांना ४.८, ९५ टक्क्यांना २२.८ मिलिसेकंद. खरी वाहतूक झुंडीने येते, म्हणून हा आकडा सहसा कमीच पडतो.

मार्गातल्या अनेक टप्प्यांच्या (राउटरांच्या) सरासऱ्यांची बेरीज चालते, ९५व्या शतमकांची नाही.

ट्रेसराउटमध्ये (मार्गातला प्रत्येक राउटर आणि त्याचा वेळ दाखवणारी कमांड) मधल्याच एका राउटरवर ८० मिलिसेकंद दिसले आणि पुढच्या टप्प्यांवर ते नसतील, तर सोडून द्या. तो राउटर अशा तपासणीच्या पॅकेटांना उशिरा उत्तर देतो एवढेच. पाया अचानक कायमचा उंचावला तर मार्ग बदलला आहे. तिथून पुढचे नमुने वेगळे करून नवा पाया काढा.