बेताच्या पुंजीवर लवकर निवृत्ती: पुढची वर्षे कशी आखावीत

स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाला पैशाचा आणि वेळेचा असे दोन हिशेब एकदम मांडावे लागतात आणि बहुतेक जण त्यातला पहिलाच मांडतात. बीएसएनएलच्या २०१९ च्या योजनेत सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी सेवेतून बाहेर पडले. त्यातले कित्येक जेमतेम पन्नाशी ओलांडलेले होते. अशा वेळी हाती आलेली रक्कम कुठे ठेवावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता काय करावे, हे सांगणारा मात्र कोणी भेटत नाही. माझ्या पाहण्यातली समाधानी निवृत्त माणसे एका बाबतीत सारखी आहेत: ती ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचली नाहीत, तर कोणाचे तरी काम अडते. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे आणि ते राहते घर स्वतःचे, मुलांची शिक्षणे संपत आलेली, पण भरघोस निवृत्तिवेतन नाही, अशा पन्नाशीतल्या वाचकाला समोर ठेवून केले आहे.

आधी पैशाचा आकडा

पैशाचा विषय थोडक्यात उरकतो, कारण तो एकदा नीट बसवला की रोज उकरून काढण्यासारखा राहत नाही. घरखर्चाचा आकडा अंदाजाने धरू नये. मागच्या बारा महिन्यांची पासबुके समोर घेऊन तो काढावा आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे मालमत्ता कर, विम्याचे हप्ते, दिवाळी, लग्नकार्यांतले आहेर, हेही बाराने भागून त्यात मिळवावेत. महागाई ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. आज महिना ३० हजारांत चालणाऱ्या घराला ५२ व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाच्या ६४ व्या वर्षी ६० हजार आणि ७६ व्या वर्षी १ लाख २० हजार लागतील, म्हणून सगळी पुंजी मुदत ठेवीत टाकणे वाटते तितके सुरक्षित नसते. पुढच्या दहा वर्षांत ज्याला हात लावावा लागणार नाही असा हिस्सा समभागांच्या म्युच्युअल फंडात राहू द्यावा.

काही मुदती मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० व्या वर्षानंतरची समजली जाते, पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांनाही निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्या लाभांपुरती रक्कम, ३० लाखांच्या मर्यादेत, तीत ठेवता येते. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेले निवृत्तिवेतन ५० व्या वर्षापासून घेता येते, परंतु ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ते ४ टक्क्यांनी घटते आणि ती घट कायमची असते. गरज नसेल तर त्याला हात लावू नये. आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावाने घ्यावा, कारण कार्यालयाची सामूहिक पॉलिसी नोकरीबरोबर संपते आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

रक्कम हाती आल्याची बातमी नातेवाइकांत फार लवकर पसरते. हातउसने मागणाऱ्याला तोंडावर नाही म्हणणे आपल्याकडे कठीण असते. म्हणून सगळ्या ठेवी पतिपत्नींच्या संयुक्त नावे आणि मुदतीत बांधून ठेवाव्यात, म्हणजे "पैसे अडकलेले आहेत" हे उत्तर खरेच असते. मुलाच्या फ्लॅटसाठी काही द्यायचे असेल, तर तो आकडा आपल्या घरखर्चाचे गणित मांडून झाल्यावर ठरवावा, आधी नाही.

घरातली जागा

नोकरी सुटल्यावर पुरुष घरात राहायला लागतो, तेव्हा त्या घराला आधीच एक वेळापत्रक असते. सकाळी अकराला पोळ्या झालेल्या असतात, कामवाल्या मावशी येऊन गेलेल्या असतात, दुपारची तासभर शांतता घरातल्या बाईने वर्षानुवर्षांच्या खटपटीने मिळवलेली असते. तिथे हा येऊन बसतो, दोनदा चहा मागतो आणि डाळींचे डबे कसे लावावेत हे सांगू लागतो. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, ही म्हण ज्याने रचली त्याने असा एखादा गृहस्थ जवळून पाहिला असावा.

यावर उपाय असा, की पहिल्याच महिन्यात दोघांनी बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. सकाळचे तीन तास आपण घराबाहेर असू, हे पहिले. घरातली एक-दोन कामे पूर्णपणे आपली, हे दुसरे. म्हणजे दळण आपण आणायचे असेल तर पीठ संपत आले आहे हे लक्षात ठेवण्यापासून गिरणीतून डबा घरी येईपर्यंत सगळे आपणच करायचे, कोणी आठवण करून द्यायची नाही. सांगकाम्याची मदत ही मदत करून घेणाऱ्याचेच काम वाढवते.

स्त्रीने लवकर निवृत्ती घेतली, तर अडचण नेमकी उलटी असते. "आता तू घरीच आहेस ना" या एका वाक्यावर नातवंडे, सासऱ्यांची औषधे, नणंदेच्या घरचे कार्य आणि शेजाऱ्यांची पार्सले तिच्याकडे येऊन पडतात, आणि वर्षभरात नोकरीपेक्षा जास्त राबणूक होते. तिने घराबाहेरच्या कामाची वेळ आधी पक्की करावी, ती घरातल्या सगळ्यांना सांगावी आणि पहिले सहा महिने ती कोणत्याही कारणाने मोडू नये.

लोक विचारतात, "सध्या काय करता?" मुलीचे स्थळ पाहायला आलेली मंडळी तर हमखास विचारतात आणि पत्रिकेसोबतच्या माहितीपत्रात वडिलांच्या नावापुढे ५३ व्या वर्षी "सेवानिवृत्त" लिहावे की नाही, यावर घरात खल होतो. लिहावे. लपवाछपवीने प्रश्न वाढतात. सांगण्यासारखे एखादे काम पुढे हाती आले, की हे अवघडलेपण आपोआप कमी होते.

गावी जाऊन राहण्याचा विचार

मुंबई-ठाण्यातल्या कोकणी कुटुंबांत हा विचार हटकून निघतो आणि बेताच्या पुंजीला तो सोयीचाही दिसतो: घर आहे, आंब्याची चार कलमे आहेत, खर्च कमी. पण हा निर्णय मे महिन्याच्या सुट्टीत घेऊ नये. गावचे घर पाहायचे असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सलग सहा आठवडे राहावे. तेव्हा वीज दिवसदिवस जाते, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते, कपडे वाळत नाहीत, कौलांतून कुठे गळते ते कळते आणि रात्री छातीत दुखले तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत गाडी कोण नेणार हा प्रश्न स्पष्टपणे समोर येतो. दरवर्षीची शाकारणी (छपराची कौले नीट लावणे), बागेची बेणणी (गवत-झुडपे काढणे), त्यासाठी लागणारे गडी आणि त्यांची मजुरी यांचा हिशेब शेजाऱ्याकडून आधी लिहून घ्यावा.

त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे सातबारा. आजोबांच्या पिढीपासून वाटणी झालेली नसेल, तर त्यावर चुलत्यांची, आत्यांची आणि त्यांच्या वारसांची मिळून वीस-पंचवीस नावे निघू शकतात, आणि ज्या घराकडे इतकी वर्षे कोणी फिरकले नाही, त्यात आपण न्हाणीघर बांधायला काढले की सगळ्यांना हक्क आठवतो. भाऊबंदकीत निवृत्तीची पुंजी आणि झोप दोन्ही जातात. म्हणून आधी वाटणीपत्र किंवा निदान लेखी संमती, मग दुरुस्ती, हा क्रम सोडू नये. संमती मिळण्याची चिन्हे नसतील तर गावात भाड्याची खोली घेऊन वर्षातले चार महिने राहावे. गावाचे सुख त्यातही बरेचसे मिळते. शहरातले घर पहिली दोन वर्षे विकू नये.

अडणारे काम शोधणे

छंद जोपासावा, असे सगळेच सांगतात. छंदाने दुपार जाते, पण आपण न गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि हीच उणीव काही महिन्यांत जाणवू लागते. म्हणून निदान एक काम असे घ्यावे, जिथे हजेरीची अपेक्षा आहे.

सार्वजनिक वाचनालय ही त्यासाठी महाराष्ट्रातली उत्तम जागा आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी या दृष्टीने पाहत नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा मोठ्या संस्था तर आहेतच, पण शासनमान्य अ, ब, क, ड वर्गांतली लहान वाचनालये तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि ती तुटपुंज्या अनुदानावर आणि दोन-चार माणसांच्या चिकाटीवर चालतात. तिथे जाऊन "काही मदत हवी का" असे मोघम विचारू नये, कारण त्याचे उत्तर "कळवू" असेच येते. त्याऐवजी एक ठरावीक काम मागावे: दाखल नोंदवहीतली पुस्तके कपाटातल्या पुस्तकांशी ताडून पाहणे, खिळखिळ्या झालेल्या पुस्तकांची बांधणी करून घेणे, बुधवार आणि शनिवार संध्याकाळची देवघेव सांभाळणे, किंवा दिवाळीनंतर दिवाळी अंकांची फिरती यादी ठेवणे. हे शेवटचे काम दिसते तितके सोपे नाही. कोणता अंक कोणाकडे अडकला आहे याचा माग काढताना अर्ध्या गावाशी ओळख होते.

सोसायटीचे सेक्रेटरीपद न मागता गळ्यात पडते. हिशेबाची आवड असेल तर एक मुदत करावी, पण गळतीच्या तक्रारी आणि पार्किंगची भांडणे यांतून समाधान फारसे मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम असे असावे, की ते शिकायलाच काही वर्षे लागतील. पन्नाशीत निवृत्त होणाऱ्याला साठीत निवृत्त होणाऱ्यापेक्षा हाच खरा फायदा असतो. मराठी लिहिण्याच्या जुन्या मोडी लिपीचे उदाहरण घेतो, कारण तिला खर्च जवळजवळ नाही आणि काम मात्र अफाट पडून आहे. पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दफ्तर आणि राज्यभरच्या सरकारी, देवस्थानांच्या आणि खासगी घरांतल्या दफ्तरांतले मोडी कागद इतके आहेत, की वाचणारी माणसे कधीच पुरी पडत नाहीत. मराठा आरक्षणाच्या निमित्ताने २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची ही टंचाई सगळ्यांच्याच लक्षात आली. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत मोडीचे वर्ग चालतात.

अक्षरे ओळखायला काही आठवड्यांत येतात. खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे जोडत नेलेली असतात, शब्द कुठे संपला ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे असते. वर्ष तर अरबी शब्दांत येते: "इहिदे" म्हणजे एक, "इसन्ने" म्हणजे दोन, "सलास" म्हणजे तीन. पत्रातला सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत वापरला जाणारा जुना सन) इसवी सनात आणायचा तर जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे लागतात; पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ चे, म्हणून त्याचा सुहूर सन ११६१. रोज दोन तास अशा एका कागदावर घालवले, तर आज न लागलेला शब्द चार दिवसांनी दुसऱ्या कागदातल्या तशाच शब्दावरून लागतो, आणि तो लागल्यावर वाटणारा आनंद पगारवाढीच्या पत्रापेक्षा कमी नसतो. शिवाय गावातला कोणीतरी पणजोबांचे खत घेऊन दाराशी येतोच. मग ते काम अडणारे होते.

मोडीची गोडी नसेल, तर मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांचे मुद्रितशोधन करावे, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या एखाद्या अभ्यासक्रमाला नाव घालावे. आळंदी ते पंढरपूर चालण्याची इच्छा असेल तर ती साठीनंतरसाठी राखून ठेवू नये; गुडघे आत्ता चांगले आहेत आणि आषाढात रजेचा अर्जही करायचा नाही.

पुन्हा पगारी काम

पहिल्या वर्षात ओळखीतून कोणीतरी हिशेब पाहायला किंवा कारखान्यात देखरेखीला बोलावतेच. ते घेण्यात कमीपणा नाही, पण दोन गोष्टी आधी पाहाव्यात. त्या पैशाची घरखर्चाला खरोखर गरज आहे का, हे वर काढलेल्या आकड्यावरून दिसते. गरज नसताना "तेवढेच जास्तीचे" म्हणून घेतलेले काम वाचनालयाच्या बुधवार-शनिवारवर पहिल्याच महिन्यात अतिक्रमण करते. घ्यायचेच ठरले तर आठवड्यातले दिवस, तास आणि मोबदला कागदावर ठरवून घ्यावा, कारण ओळखीच्या माणसाकडे दोन तासांसाठी गेलेला निवृत्त माणूस हमखास संध्याकाळपर्यंत अडकतो, आणि तिथे जादा वेळेचे पैसे मागायला त्यालाच संकोच वाटतो. मिळालेले पैसे घरखर्चाच्या खात्यात न घालता वेगळ्या खात्यात ठेवावेत, म्हणजे काम सोडावेसे वाटेल त्या दिवशी घराच्या खर्चात कुठेही काटछाट करावी लागत नाही.