जुन्या नोव्हेल सर्व्हरला डॉसचा पीसी जोडून डेटा कसा काढायचा

मागच्या महिन्यात नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक धान्याच्या दुकानात जाणं झालं. माळ्यावर जुना सर्व्हर, त्यावर नेटवेअर ३.१२ (नोव्हेल कंपनीचं सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर), त्यात फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममधली सगळी जुनी खाती, आणि शेठजी म्हणे "भाऊ, घरात वाटण्या होऊन राहिल्या, जुना हिशेब पाहिजेच." सर्व्हर चालू होत होता पण त्याला जोडलेला पीसी कधीचाच बंद पडलेला, म्हणून दुसरा जुना पीसी नेऊन जोडला. ते कसं केलं ते लिहून ठेवतो, कारण हे काम येणारे लोक कमी होत चालले आणि लोकांचा डेटा तिथंच अडकून पडलाय.

आधी एक सांगतो, तुमचा विंडोज १० वाला लॅपटॉप इथं चालणार नाही. हे सर्व्हर आयपीएक्स बोलतात (नोव्हेलचा जुना नेटवर्क प्रोटोकॉल, म्हणजे मशीननं एकमेकांशी बोलायची पद्धत), आणि व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधून आयपीएक्स काढूनच टाकलं. निव्वळ आयपीवर (इंटरनेटवाल्या प्रोटोकॉलवर) चालायची सोय नेटवेअर ५ मधे, म्हणजे १९९८ मधे आली. त्याच्या आधीचा सर्व्हर असेल तर जुना पीसी शोधा, आयसा स्लॉट (कार्ड खोचायची जुन्या पद्धतीची खाच) असलेला, आणि एनई२००० सारखं नेटवर्क कार्ड.

डॉसला नेटवर्क काय असते हेच माहीत नाही, त्याला फक्त ए, सी, डी असे ड्राइव्ह कळतात. क्लायंट, म्हणजे पीसीला सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम, मेमरीत बसून राहतो आणि सर्व्हरची डिस्क एफ ड्राइव्ह म्हणून दाखवतो; फॉक्सप्रोनं एफ ड्राइव्हवरची फाइल मागितली की ती मागणी मधेच धरतो, केबलवरून सर्व्हरला पाठवतो आणि आलेलं उत्तर असं देतो की फॉक्सप्रोला वाटते फाइल इथल्याच डिस्कवर आहे. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जाते.

सुरुवात केबलपासून करा. गोल काळी कोऍक्स केबल असेल तर दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला लावायची रेझिस्टर असलेली टोपी) पाहिजे. मशीन बंद ठेवून टी कनेक्टरवर मल्टीमीटर लावा, एक टोक मधल्या पिनला आणि एक बाहेरच्या धातूला. २५ च्या आसपास आलं तर केबल ठीक, ५० आलं तर एका बाजूचा टर्मिनेटर गेला नाहीतर केबल कुठंतरी तुटली. इतवारीत ५० च दाखवत होतं, शोधत शोधत गेलो तर पोत्यांच्या मागं टर्मिनेटर निघून पडला होता.

मग कार्ड. एनई२००० बऱ्याचदा आयआरक्यू ३ (कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची लाइन) आणि पोर्ट ३०० (कार्डाचा पत्ता) वर असते, पण आयआरक्यू ३ कॉम २ हा सिरियल पोर्ट वापरतो, दोघं भांडले की पीसी अडकतो. मी कार्ड आयआरक्यू ५ वर ठेवतो.

आता चार प्रोग्राम, याच क्रमानं: एलएसएल, एनई२०००, आयपीएक्सओडीआय, व्हीएलएम. एलएसएल हा मधला दुवा, एका कार्डावर वेगवेगळे प्रोटोकॉल चालू देतो. दुसरा कार्डाचा ड्रायव्हर. तिसरा आयपीएक्स. चौथा तो मागण्या धरणारा क्लायंट. मेमरीतून काढायचे असतील तर उलट्या क्रमानं, प्रत्येकाच्या नावापुढं यू देऊन. व्हीएलएम असेल तर डॉसच्या कॉन्फिग डॉट सिस फाइलमधे लास्टड्राइव्ह झेड (शेवटचं ड्राइव्ह अक्षर) ही ओळ पाहिजेच, आणि त्याच्या जागी जुना नेटएक्स हा क्लायंट असेल तर ती ओळ काढून टाका, कारण तो लास्टड्राइव्हच्या पुढचं अक्षर घेतो आणि झेडच्या पुढं अक्षरच नाही.

सेटिंग नेट डॉट सीएफजी फाइलमधे. लिंक ड्रायव्हर एनई२००० ही ओळ एकदम डाव्या कडेला, खाली इंट (आयआरक्यूचा नंबर), पोर्ट आणि फ्रेम या ओळी थोड्या आत सरकवून. ही जागा सोडायला विसरू नका, नाहीतर सेटिंग धरतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाते ते फ्रेम. एकाच केबलवर आयपीएक्स वेगवेगळ्या पद्धतीनं गुंडाळून जाते, त्या पद्धतीला फ्रेम म्हणतात. नेटवेअर ३.११ पर्यंत डिफॉल्ट ८०२.३ होतं, ३.१२ पासून ८०२.२ झालं. व्हीएलएम चालू झाला की तो केबलवर ओरडून विचारतो, जवळचा सर्व्हर कोण आहे, पण फ्रेम वेगळी असेल तर सर्व्हरला ते ऐकूच येत नाही आणि तुम्हाला फक्त सर्व्हर सापडला नाही एवढंच दिसते. माझ्याकडून हेच झालं. ३.१२ आहे म्हणून ८०२.२ टाकलं, अन् दीड तास कार्ड बदलत बसलो. शेवटी सर्व्हरच्या कन्सोलवर (त्याच्याच स्क्रीन-कीबोर्डवर) कॉन्फिग टाइप केलं तर ८०२.३ दिसलं, आधी कोणीतरी अपग्रेड करताना जुनीच फ्रेम ठेवली होती. म्हणून व्हर्जनवरून अंदाज बांधू नका, कॉन्फिग पाहा आणि तेच लिहा.

जमलं की एफ ड्राइव्हवर फक्त लॉगिन नावाचं फोल्डर दिसते. घाबरू नका, नाव आणि पासवर्ड देईपर्यंत सर्व्हर एवढंच दाखवतो. आमच्याकडे पासवर्ड शेठजींच्या जुन्या डायरीत सापडला.

आपण आत गेलो की कन्सोलवर डिसेबल लॉगिन द्या, मधे दुसरं कोणी फाइल उघडायला नको. मग नेटवेअरच्या एनकॉपी या कॉपी कमांडनं सबफोल्डरसकट सी ड्राइव्हवर घ्या. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलसोबत त्याच नावाची एफपीटी (टेबलमधला लांब मजकूर ठेवणारी फाइल) असेल तर ती पण घ्या, नाहीतर टेबल उघडणारच नाही. आणि एखादं वर्ष गायब दिसलं तर नेटवेअरचा सॅल्व्हेज हा प्रोग्राम चालवून पाहा, नेटवेअर डिलीट केलेल्या फाइली जागा लागेपर्यंत ठेवून देतो. आम्हाला दोन वर्षांची उधारी तिथंच मिळाली, शेठजींनी तीनदा विचारलं, "खरंच तेच आहे ना?"

सर्व्हर बंद करताना सरळ बटण दाबू नका. लिहिलेला डेटा काही वेळ मेमरीतच असतो, म्हणून आधी पीसीवरून लॉगआउट, मग कन्सोलवर डाउन, मग एक्झिट, आणि डॉसचा प्रॉम्प्ट आला की बटण. मे महिन्यात हे काम करायचं असेल तर सकाळी ८ च्या आत सुरू करा, दुपारी माळ्यावरच्या पत्र्याखाली तुम्ही पण टिकणार नाही आणि ती जुनी हार्डडिस्क तर नाहीच नाही.