पुराचं पाणी घरात शिरण्याआधी: उंची मोजा, मग अडवा

पुराची तयारी म्हटलं की बहुतेक जण थेट वाळूच्या पोत्यांकडे वळतात. पण पाणी किती उंच येऊ शकतं आणि आपलं घर त्या मानाने किती उंचीवर आहे, हे सेंटीमीटरमध्ये माहीत नसेल तर पोती कुठे लावायची, फ्रीज किती वर उचलायचा आणि अडवाअडवी सोडून घराबाहेर कधी पडायचं, यातलं काहीच ठरवता येत नाही. म्हणून आधी मोजमाप. त्याला एखादी दुपार पुरते.

“इतक्या वर्षांत इथे कधी पाणी आलं नाही” हा आधार आता पुरेसा नाही. हवेचं तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढलं की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं आणि पाऊस पडतो तेव्हा तो जास्त जोराने पडतो. औद्योगिकीकरणापूर्वी सरासरी दहा वर्षांतून एकदा होणारी एका दिवसातली अतिवृष्टी जग 1 अंशाने तापल्यावर 1.3 पट वेळा आणि 2 अंशांनी तापल्यावर 1.7 पट वेळा होईल, असं आयपीसीसीचा (हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा) 2021 चा अहवाल सांगतो. “100 वर्षांतून एकदा येणारा पूर” या शब्दांनीही फसू नका. तो एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत, असं नसतं. दर वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का असते, म्हणजे त्याच घरात 30 वर्षं राहिलात तर तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. शिवाय हा 1 टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. त्यामुळे पूररेषेच्या नकाशावर किंवा जुन्या खुणेवर जी पातळी असेल तिच्यात किमान 30 सेंमी मिळवा आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर बेता.

उंचीचा तक्ता

गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, 10 ते 15 मीटर लांबीची. तिच्यात पाणी भरा आणि बुडबुडे पूर्ण काढून टाका. मध्ये एक मोठा बुडबुडा राहिला तरी माप काही सेंटीमीटरने चुकतं. दोन्ही टोकं शेजारी धरा, दोन्हीकडे पाणी एकाच रेषेत आलं तर नळी बरोबर आहे. मग एक टोक दाराच्या चौकटीला धरा आणि दुसरं रस्त्यावर न्या. दोन्हीकडे पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं की त्यांच्यातला फरक म्हणजे उंचीतला फरक. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने जा.

रस्त्याचा मध्य शून्य धरा आणि त्यापासून या गोष्टींच्या उंची लिहून काढा: रस्त्यावरच्या गटाराच्या चेंबरचं झाकण, अंगण, उंबरा, तळमजल्यावरच्या संडासाच्या भांड्याची कड, मोरीची जाळी, सर्वांत खालचा प्लग पॉइंट, मीटरची पेटी, जमिनीखालच्या टाकीचं झाकण. हा कागद दाराच्या आत चिकटवा आणि समोरच्या खांबावर किंवा कुंपणावर रंगाने 10-10 सेंमीच्या खुणा करा. रात्री टॉर्च मारून खांबाकडे पाहिलं की घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं: 20 वर पाणी आलं की गाडी हलवायची, 35 वर मेन स्विच बंद, 50 वर घर सोडायचं. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदलतील. शेवटचा आकडा ठरवताना मात्र घराचा विचार न करता बाहेर पडायच्या वाटेचा करा. वेगाने वाहणारं पाणी 15 सेंमी असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं, 30 सेंमी पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते आणि 60 सेंमी वाहत्या पाण्यात बहुतेक वाहनं वाहून जातात. वाटेवर एखादा सखल भाग असेल तर तो घराच्या कितीतरी आधी बंद होतो.

किती उंचीपर्यंत अडवायचं

भिंतीवर पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. बाहेर 30 सेंमी पाणी असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे 45 किलोचा भार येतो. 60 सेंमीला तो 180 किलो होतो, 90 सेंमीला 405 किलो. उंची दुप्पट झाली की भार चौपट. साध्या विटांच्या भिंती असा आडवा रेटा सोसण्यासाठी बांधलेल्या नसतात. म्हणून अभियंत्याने घर तपासून वेगळं सांगितलं नसेल तर 60 सेंमीच्या वर पाणी अडवू नका. त्यापुढे पाणी चढत असेल तर ते आत येऊ द्यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मनाला हे पटायला जड जातं, पण ओली फरशी धुता येते, पडलेली भिंत नाही.

त्यामुळे पाणी 60 सेंमीच्या वर जाण्याची शक्यता असेल तर खर्च अडवण्यावर न करता भिजलं तरी चालेल अशा घरावर करा: खाली प्लायवुडऐवजी दगडी किंवा सिमेंटचे ओटे, जिप्सम बोर्डऐवजी सिमेंटचा गिलावा, प्लग पॉइंट अपेक्षित पातळीच्या 30 सेंमी वर, आणि तळमजल्याची वायरिंग वेगळ्या सर्किटवर.

गटारातून उलटं येणारं पाणी

दार पक्कं बंद केलं आणि घर संडासातून भरलं, असं फार वेळा होतं. रस्त्यावरची वाहिनी तुंबली की तिच्यातलं पाणी चेंबरच्या झाकणापर्यंत चढतं आणि मगच रस्त्यावर येतं. तुमच्या घरातली जी जाळी किंवा जे भांडं त्या झाकणापेक्षा खाली आहे, तिथून मैला आधी आत येणार. तक्त्यात हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, उत्तर लगेच मिळतं.

कायमचा उपाय म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप. तो उघडून साफ करता येईल अशा चेंबरमध्येच बसवा. त्याची झडप केसांच्या गुंत्याने, चिंधीने किंवा साचलेल्या तेलकट थराने अडकली की ती अर्धवट उघडी राहते आणि पाणी बिनदिक्कत आत येतं. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि मध्ये एकदा ती हाताने हलवून पाहायलाच हवी. झडप बंद असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही. त्या वेळी फ्लश केलं किंवा मोरीत बादली ओतली तर स्वतःचंच सांडपाणी घरात पसरतं.

व्हॉल्व्ह नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळूचं पोतं घालून ते संडासाच्या भांड्यात दाबून बसवा. मोरीच्या जाळीवर रबराची चकती ठेवून वर वजन द्या. वॉशिंग मशीनचा पाइप काढून तोंडाला बूच लावा.

पोती लावताना

पोतं अर्धं ते दोन तृतीयांश भरायचं, त्याहून जास्त नाही. ठासून भरलेलं पोतं गोल राहतं, शेजारच्याला चिकटत नाही आणि मधल्या फटीतून पाणी येतं. तोंड न बांधता दुमडून पोत्याखाली दाबा. खालची जमीन झाडून घ्या, पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक अंथरून त्याची कड पहिल्या थराखाली घाला. विटांसारखे सांधे चुकवत थर द्या आणि प्रत्येक थर पायाने तुडवून घट्ट करा. पाया उंचीच्या अडीच ते तीनपट रुंद हवा. एका रांगेत रचलेली उंच भिंत पाण्याच्या रेट्याने आत कोसळते.

पोती पाणी पूर्ण थांबवत नाहीत, झिरपा चालूच राहतो. आतल्या बाजूला पाणी गोळा होईल अशी जागा आणि बादली किंवा छोटा पंप हवाच. फक्त दार अडवायचं असेल तर चौकटीला दोन्ही बाजूंनी खाचा बसवून, रबरी पट्टी लावलेली फळी सरकवणं पोत्यांपेक्षा बरंच सोपं. ती आधी एकदा बसवून पाहा. वायर आणि पाइप भिंतीतून जातात तिथली भोकंही बुजवा.

आणि हे करताना शेजाऱ्याचा विचार करा. प्लॉटभोवती सलग उंच भिंत घातली की पाणी नाहीसं होत नाही, पुढच्या घरात जातं. नाल्याची जुनी वाट बुजवणं तर सगळ्या वस्तीला भोवतं. स्थानिक प्रशासनाला विचारायचा नेमका प्रश्न हा: आमच्या रस्त्याचं गटार ताशी किती मिलिमीटर पावसासाठी बांधलं आहे? ताशी 50 मिमी पावसात 100 चौरस मीटरच्या छपरावरून तासाला 5,000 लिटर पाणी उतरतं, 100 मिमीत 10,000 लिटर. गटार पहिल्या आकड्यासाठी बांधलेलं असेल आणि पाऊस दुसऱ्या आकड्याचा येत असेल, तर कितीही गाळ काढला तरी रस्ता भरणारच. अशा वेळी वस्तीने मिळून मोठी वाहिनी आणि पाणी मुरायला मोकळी जमीन मागायला हवी.

पाणी यायच्या आधीचे तास

वीज पाणी येण्याआधी बंद करा. पाण्यात उभं राहून कुठल्याही स्विचला हात लावायचा नाही. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वीज गेली असं वाटतं आणि तो बॅटरीवरून घराच्या वायरींत वीज सोडायला लागतो. म्हणून इन्व्हर्टर वेगळा बंद करा, बॅटरी वर उचला. छपरावर सौर पॅनेल असतील तर उजेड आहे तोवर त्यांच्या वायरींत वीज असतेच. पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा डीसी स्विचही बंद करा.

गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर उभा, भिंतीला बांधून ठेवा. रिकामा सिलिंडर तरंगतो आणि आपटत फिरतो. जमिनीखालची प्लास्टिकची टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा. 1,000 लिटरची रिकामी टाकी भिजलेल्या जमिनीत जवळजवळ एक टन जोराने वर ढकलली जाते, आणि पाइप तोडून बाहेर येते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज 4 लिटर धरून किमान तीन दिवसांचं पाणी वरच्या मजल्यावर न्या.

ओसरल्यावर

आत जाण्याआधी बाहेरून भिंती पाहा: नव्या तिरक्या भेगा, फुगलेला भाग, खचलेला कोपरा. असं काही दिसलं तर आत जाऊ नका. विमा असेल तर साफसफाईआधी प्रत्येक खोलीतल्या पाण्याच्या रेघेचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढा.

तळघर एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते, आतला आधार गेला की भिंत आत येते. 30 सेंमी उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. पातळी पुन्हा चढली तर अजून वेळ आहे. पेट्रोलचा पंप किंवा जनरेटर घरात किंवा गॅलरीत कधीही नको, दारं-खिडक्यांपासून किमान 6 मीटर लांब हवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाळ ओला असतानाच काढा. हातमोजे आणि बूट हवेतच, पायाला जखम असेल तर या कामापासून लांब राहा. लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू जखमेतून शिरतात. पुढचा क्रम महत्त्वाचा: आधी साध्या पाण्याने धुणं, मग साबण, मग ब्लीच. गाळावरच ब्लीच ओतलं तर त्यातलं क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. 5 टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात 50 मिली घाला, पृष्ठभाग 10 मिनिटं ओला ठेवा आणि मग धुवा. संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर यात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

पिण्याचं पाणी कापडातून गाळून, उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. इंधन नसेल तर बिनसुगंधी 5 ते 6 टक्के ब्लीचचे लिटरला 2 थेंब, पाणी गढूळ असेल तर 4 थेंब टाका आणि 30 मिनिटं थांबा. शेवटी क्लोरीनचा हलका वास यायला हवा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा रसायनाचा वास येत असेल तर यातला कुठलाच उपाय चालत नाही, ते पाणी टाकून द्या.

विहीर असेल तर आधी उपसून गाळ काढा, पाणी पुन्हा भरू द्या आणि मग मात्रा काढा. व्यास × व्यास × पाण्याची खोली × 785 म्हणजे लिटर (मापं मीटरमध्ये). 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर साधारण सव्वाचार किलो लागते. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निम्मीही काम करत नाही, बंद डबा घ्या. 12 तासांनी वास जाईपर्यंत उपसा आणि तपासणी झाल्याशिवाय पिऊ नका.

वाळवणं

ओल्या वस्तूंवर 24 ते 48 तासांत बुरशी धरते, म्हणून गाद्या, उश्या, भिजलेलं प्लायवुड आणि जिप्सम बोर्ड पहिल्याच दिवशी बाहेर काढा. बोर्ड पाण्याच्या रेघेपर्यंत न कापता तिच्या वर 30 सेंमीपर्यंत कापा, कारण ओल वर चढलेली असते. बाहेरची हवा कोरडी असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. पाऊस चालू असेल तर उघड्या खिडकीतून ओलच आत येते. त्या दिवसांत दारं बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) चालवणं बरं.

विटांची भिंत वाळायला साधारण महिन्याला अडीच सेंटीमीटर जाडी, असा हिशोब धरा. 23 सेंमीची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार-पाच महिने जातात. वरून कोरडी वाटली म्हणून घाईने प्लास्टिक पेंट लावला तर आतलं पाणी अडकतं आणि काही आठवड्यांत रंग फुगून पापुद्रे सुटतात. आधी तपासा: 45 सेंमीचा चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला बंद करा आणि 16 तासांनी पाहा. आत दव दिसलं किंवा भिंत गडद झाली तर थांबा. मधल्या काळात पांढरे क्षार फुलून आले तर ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतले तर विरघळून पुन्हा आत जातात. नंतर पहिला रंग चुन्याचा द्या, त्यातून राहिलेली ओल बाहेर पडत राहते.