जर्मनीत फरट्रागवर सही करण्याआधी

जर्मनीत आल्यावर पहिल्या महिन्यातच 'फरट्राग' हा शब्द सारखा कानावर पडू लागतो. फरट्राग म्हणजे करार. घराचा मीटफरट्राग, नोकरीचा आर्बाइट्सफरट्राग, फोनचा हँडीफरट्राग. आपल्यातले बरेच जण रक्कम आणि सुरुवातीची तारीख बघून सही करून मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी त्यात 'क्युंडिगुंग' शोधा. करार संपवण्याची नोटीस कधी आणि कशी द्यायची, ते तिथे असतं.

घराचंच घ्या. बेमुदत करारात भाडेकरूची नोटीस साधारण 3 महिन्यांची असते. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती घरमालकाला मिळाली तरच तो महिना धरतात, नाहीतर आणखी एका महिन्याचं भाडं भरावं लागतं. ईमेल चालत नाही, व्हॉट्सॲप तर नाहीच. कागदावर, पेनाने सही केलेलीच हवी. काही करारांत ठरावीक काळ नोटीस देताच येणार नाही असं कलम असतं, अगदी 4 वर्षांपर्यंतचंही. नोकरीचा प्रोबत्साइट, म्हणजे जास्तीत जास्त 6 महिन्यांचा परीक्षेचा काळ, चालू असताना असं घर घेऊ नका. त्या काळात नोकरी 2 आठवड्यांच्या नोटिशीवर जाऊ शकते. डिपॉझिट हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून उरणाऱ्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते 3 हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे. मागायला संकोचू नका.

फोनचं त्यामानाने सोपं. 2 वर्षांची मुदत संपली की महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. ऑनलाइन केलेला करार सहसा 14 दिवसांत मागे घेता येतो. दुकानात बसून केलेल्याला हा हक्क नाही.

खरी भीती मला 'आउफहेबुंग्सफरट्राग'ची वाटते. कंपनी आणि तुम्ही संमतीने नोकरी संपवता तो हा करार. मीटिंगमध्ये कागद पुढे सरकवतात, आजच सही करा म्हणतात. सही केलीत की नोकरीवरून काढण्याविरुद्ध कायद्याने दिलेलं संरक्षण गेलं, आणि बेकारी भत्ताही 12 आठवडे अडकू शकतो. नोकरीवरच्या व्हिसावर असाल तर राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. तिथे सही करू नका. शांतपणे वेळ मागा, कागद घरी न्या आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.